पळपुट्याची पायरी

बोटीवर त्याला सगळे कप्तान म्हणायचे. तशी ती बोट काही समुद्रात जाणारी नव्हती. दोन्ही बाजूंना बाकं, वर पत्र्याचं छत, पुढे काचेची केबिन आणि मागे खोकणारं डिझेल इंजिन. धक्क्यावरून निघायचं, उंच कड्यांच्या मधून वर घळीच्या टोकाशी, धबधब्यापर्यंत जायचं, लोकांना हवे तेवढे फोटो काढू द्यायचे आणि आल्या वाटेनं परत यायचं. एवढ्याला कप्तान म्हणणं जरा जास्तच होतं. पण नाव ठेवलं होतं रेडिओनं, आणि रेडिओनं ठेवलेलं नाव पुसायची कुणाची टाप नव्हती.

रेडिओ म्हणजे बोटीवर माहिती सांगणारा. गोल चेहरा, गळ्यात मफलर, हातात माइक. तो आजारी असला तरी बोलायचा आणि बरा असला तर बोलतच राहायचा. या खडकात हत्ती बघा, त्या खडकात रुसून बसलेली सासू बघा. लोक बघायचे. त्यांना दिसायचं सुद्धा. रेडिओनं सांगितल्यावर न दिसायची काय बिशाद!

कप्तान याच्या अगदी उलटा. त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटा लागायचा. त्याचं बोलणं सगळं हातात होतं. कुठे वळायचं, कुठे बोट कड्याच्या सावलीत घ्यायची, कुठे रेस कमी करायची, हे त्याचा हात डोक्याला न विचारता करायचा. इंजिन जोरात असलं की रेडिओचा कर्णा कुणाला ऐकू यायचा नाही. त्यामुळे दोघांचं ठरलं होतं. विनोदाची जागा आली की कप्तान लिव्हर मागे ओढायचा, इंजिन गुरगुरत गप्प व्हायचं, आणि त्या शांततेत रेडिओ आपला विनोद सोडायचा. हशा पिकला की कप्तान पुन्हा रेस द्यायचा. "अर्धा हशा तुझा आहे बरं का," रेडिओ त्याला म्हणायचा. "मी नुसता पत्र टाकतो, पोचवतोस तू."

सगळ्यात मोठा हशा पिकायचा तो पळपुट्याच्या पायरीपाशी.

घळीच्या मध्यावर नदी वळते. तिथे डाव्या कड्यातून एक सपाट खडक पाण्यावर पुढे आलाय, माणूस उभा राहील एवढा. तो दिसला की रेडिओ आवाज खाली आणायचा. "मंडळी, डाव्या हाताला बघा. पूर्वी एकदा इथे पावसाळी पाण्यात होडीचं इंजिन बंद पडलं. होडी निघाली वाहत. बायका रडतायत, पोरं ओरडतायत. 'नावाडीदादा, आता हो काय?' नावाडीदादा म्हणाला, 'घाबरताय काय? मी आहे ना!'"

इथे कप्तान लिव्हर मागे ओढायचा. बोट नुसतीच तरंगत त्या रिकाम्या पायरीसमोरून जायची. रेडिओ सगळ्यांना ती नीट बघू द्यायचा.

"आणि टुणकन उडी मारून पायरीवर! होडी चालली खाली, आणि हा पठ्ठ्या पायरीवर उभा, हातात दोर घेऊन. वरून हात हलवून काय म्हणतो? 'सांभाळून जा हं!'"

लोक पोट धरधरून हसायचे. पुढचा सगळा प्रवासभर एकमेकांना 'सांभाळून जा हं' म्हणायचे. धक्क्यावर उतरताना कप्तानलाही म्हणायचे. कप्तान हसून मान हलवायचा.

तो नावाडी कप्तानचा बाप होता.

हे बोटीवर किंवा धक्क्यावर कुणाला माहीत नव्हतं; गोष्ट उरली होती, नाव लोक विसरले होते. रेडिओ बाहेरगावचा. त्यानं ही गोष्ट धक्क्यावरच्या चहावाल्याकडून उचलली आणि मीठमसाला लावून खुलवली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सांगितली, त्या संध्याकाळी तो केबिनमध्ये आला होता. "तिथे जरा मंद करशील का रे? हशाला जागा मिळत नाही. इंजिनखाली चिरडला जातो बिचारा."

कप्तान तेव्हा नवा होता. नोकरी नवी, लग्न नवं. 'ते माझे वडील आहेत' एवढं म्हणायचं होतं. फार तर चार शब्द. पण ते म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या धक्क्याला कळलं असतं की पळपुट्याच्या पोराच्या हातात बोट दिलीय. तो म्हणाला, "बरं."

आणि मग त्यात तो तरबेज झाला. लिव्हर किती आणि कधी ओढली म्हणजे बोट बरोबर पायरीसमोर येऊन रेंगाळते, हे त्यानं बसवून घेतलं. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण एखाद्या दिवशी ते फारच चांगलं जमलं तर त्याला मनात बरंही वाटायचं. रात्री जेवताना बापाच्या ताटाकडे बघून मग घास गिळवायचा नाही.

बापाला घरात अण्णा म्हणत. त्या प्रकारानंतर अण्णांची होडी गेली. ती होडी पुढे वाळूत रुतली होती. प्रवासी भिजले, घाबरले, पण जिवानिशी वाचले. तरी 'उडी टाकून पळाला' हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अण्णा मग एका बेकरीत भट्टीवर लागले आणि म्हातारे होईपर्यंत पाव भाजत राहिले. नदीकडे फिरकले नाहीत. त्या दिवसाबद्दल घरात ते चकार शब्द बोलले नाहीत, आणि घरातल्यांनीही विचारलं नाही.

फक्त एक खोड त्यांना लागली होती. कुठलीही दोरी दिसली की तिची दोन्ही टोकं ओढून बघायची. कपडे वाळत घालायची दोरी असो, पडद्याची असो, सामानाच्या गाठोड्याची असो. एक टोक ओढायचं, मग चालत जाऊन दुसरं ओढायचं. नातवंडं हसायची. सून म्हणायची, "अण्णा, दोरी पळून नाही जात कुठे!" अण्णाही हसायचे आणि पुन्हा ओढून बघायचे.

कप्तान हे लहानपणापासून बघत आला होता. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. बाप पळाला नव्हता. दोर घेऊन बोट अडकवायला उडी मारली होती, आणि दोराचं दुसरं टोक होडीला बांधलेलंच नव्हतं.

त्या वर्षी अण्णांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली तसे ते घरभर फिरून एकेक वस्तू नव्यानं बघायला लागले. भिंतीला इतके पोपडे आलेत हे त्यांना तेव्हा कळलं. सून म्हणाली, "हे दिसण्यासाठी ऑपरेशन केलं होय आपण?" अण्णा म्हणाले, "अगं, सगळंच दिसतंय. तुझे पिकलेले केससुद्धा." सुनेनं लटक्या रागानं डोक्यावर हात ठेवला.

पावसाळा सरून हवेत गारवा आला होता. घळीतली झाडं तांबडी-पिवळी झाली होती आणि हंगामाचे शेवटचे दिवस असल्यानं बोटीवर कामगारांच्या घरच्यांना फुकट बसता यायचं. एका सकाळी चहा पिता पिता अण्णा म्हणाले, "एकदा घळ बघून यावी म्हणतो. डोळा नवा आहे तोवर."

कप्तानानं कप खाली ठेवला.

"गार वारं असतं तिथे," तो म्हणाला. "तुम्हाला बाधेल."

"स्वेटर घालतो की."

"गर्दी फार असते हल्ली. बसायला जागा..."

"अहो, तुमच्या केबिनमध्ये बसतील," बायको म्हणाली. "इतक्या वर्षांनी त्यांनी तोंड उघडून काही मागितलं, तर तुम्ही हवापाणी काय सांगताय? मला म्हणाले असते तर मी उचलून नेलं असतं."

अण्णा उठून स्वेटर शोधायला गेले.

धक्क्यावर पोचल्यावर कप्तानानं त्यांना केबिनमधल्या स्टुलावर बसवलं आणि तो तडक चहाच्या टपरीवर रेडिओकडे गेला. आता सांगून टाकायचं, असं वाटेत ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

"वडील आलेत म्हणे!" रेडिओच आधी बोलला. "वा! आज त्यांच्यासाठी घसा मोकळा सोडतो बघ."

"तेच सांगायला आलो. आज ते पायरीचं राहू दे."

"का रे बाबा?"

जुळवलेलं वाक्य घशापर्यंत आलं. टपरीपाशी तिकीटवाला उभा होता, इंजिनचा मिस्त्री उभा होता. दोघंही ऐकत होते.

"तुझा घसा बसलाय," कप्तान म्हणाला.

"माझा?" रेडिओ खदाखदा हसला. "घसा बसला तरी मी उभा आहे ना! पायरी गाळायची म्हणजे लग्नात नवरदेव गाळण्यासारखं आहे. काळजी सोड तू. म्हातारबुवा खूश होऊन जातील."

चहावाल्यानं हाक मारली, तेवढ्यात शिट्टी झाली, आणि बोलायची वेळ टळली. टळली याचं त्याला बरंच वाटलं. केबिनकडे जाताना त्यानं मनाशी दुसरी युक्ती काढली. पायरी आली की लिव्हर मागे ओढायचीच नाही. उलट रेस द्यायची. कर्णा काय बोलतो ते कुणाला कळणारच नाही. रेडिओ चिडला तर चिडू दे.

बोट निघाली. पाणी निवळशंख झालं होतं, तळाचे गोटे दिसत होते. पुढे कडे जवळ आले तसा उजेड वरून, गाळून आल्यासारखा उतरायला लागला. कड्याच्या फटीफटीतून झाडं बाहेर वाकलेली, आणि वाऱ्याची झुळूक आली की मूठभर पिवळी पानं भिरभिरत खाली येऊन पाण्यावर बसायची. बोट त्यांच्यामधून जायची तेव्हा ती दोन बाजूंना सरकून वाट द्यायची.

अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून काचेला नाक लावून बसले होते. "हे पान असं लाल होतं हे विसरलोच होतो मी," ते म्हणाले. मग म्हणाले, "वळणाला फार आतून घेऊ नकोस. बाहेरून घे, पाणी तुला आपण होऊन वळवतं." कप्तान नेहमी बाहेरूनच घ्यायचा, पण म्हणाला, "हो अण्णा." हळूहळू अण्णांची जीभ सुटत गेली. या कपारीत घारीचं घरटं असायचं. तिथे झरा होता, त्याचं पाणी गोड. कप्तानानं आयुष्यात बापाला एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. तो ऐकत राहिला, विचारत राहिला. "घार अजून असते का हो?" "बघ ना, ती तिथे, वर!" अण्णांनी बोट दाखवलं आणि कप्तानानं मान उंच करून वर पाहिलं.

आणि तेवढ्यात त्याच्या हातानं लिव्हर मागे ओढली.

रोजची जागा, रोजचा हात. डोकं घारीकडे होतं, हात पायरीपाशी पोचला होता. इंजिन गुरगुरून गप्प झालं. बोट तरंगायला लागली. केबिनच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून रेडिओचा आवाज स्वच्छ, खणखणीत आला, "आणि टुणकन उडी मारून पायरीवर!"

आता रेस द्यावी तर अर्ध्या वाक्यात सगळी बोट केबिनकडे बघेल. त्यानं लिव्हर तशीच राहू दिली. गोष्ट पुरी झाली. 'सांभाळून जा हं!' आलं. बाकं हसली, कुणीतरी पाय आपटले, मागच्या कॉलेजच्या पोरांनी "वन्स मोअर!" म्हणून गिल्ला केला. पायरी काचेसमोरून सावकाश गेली. रिकामी, तिच्यावर चार ओली पानं.

कप्तानानं रेस दिली. बापाकडे बघायची हिंमत होत नव्हती. त्याला वाटलं, आता ते उठतील, किंवा रडतील, किंवा म्हणतील, काय रे हे.

अण्णा मागे गेलेल्या पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "इथे मंद का केलंस?"

"अं?"

"इथे तर डोह आहे. भर उन्हाळ्यात बांबू टेकायचा नाही. आम्ही बिनधास्त जोरात काढायचो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एक नावाडी दुसऱ्याला विचारत होता. "खडक वर आलाय का?"

गोष्ट त्यांना नवी नव्हती. गावात ती कुणी ना कुणी त्यांच्या कानावर घातलीच असणार. नवं होतं ते हे, की मुलाच्या हातानं तिच्यासाठी बोट थांबते.

"गाळ," कप्तान म्हणाला. "गाळ साचलाय अण्णा, दोन-तीन पावसाळ्यांपासून."

"असं होय," अण्णा म्हणाले. "मग मंद करायलाच हवं."

धबधब्यापाशी लोकांनी फोटो काढले. अण्णांनीही कठड्याला धरून तोंडावर तुषार घेतले. कप्तान केबिनमध्येच बसून राहिला. खोटं बोललो याची लाज वेगळीच, पण ते खोटं किती सहज सुचलं याची जास्त. बायकोला हे कधी कळलं तर ती काय म्हणेल, याचा विचार करताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

परतीच्या वाटेला रेडिओ बोलत नसे. लोक दमलेले असत, कुणी बिस्किटं खायचं, कुणी खांद्यावर डोकं टाकून झोपायचं. बोट प्रवाहाबरोबर भरधाव खाली यायची. तशी ती येत होती, आणि वळण जवळ आलं तेव्हा कुठे कप्तानच्या लक्षात आलं की आपण कशात अडकलोय.

गाळ जाताना असतो तसा येतानाही असतो. अण्णा शेजारी बसलेत. त्यांची नजर पाण्यावर आहे, आणि पाण्याचं त्यांना कुणी शिकवायला नको. मंद नाही केलं तर खोटं उघडं पडणार.

त्यानं लिव्हर मागे ओढली.

इंजिन शांत झालं तसा मागच्या बाकावर पेंगणारा रेडिओ दचकून उठला. येताना इथे बोट कधीच मंद होत नसे. त्यानं पोरांकडे पाहिलं, केबिनकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. कप्ताननं पोरांची फर्माईश मनावर घेतलेली दिसतेय! माइक खरखरला. "मंडळी! खास लोकाग्रहास्तव, आता उजव्या हाताला बघा..."

पोरांनी शिट्ट्या मारल्या.

कप्तानानं पहिल्यांदा बापाकडे सरळ पाहिलं. अण्णा पायरीकडे बघत नव्हते. मुलाच्या हाताकडे बघत होते. लिव्हरवरच्या.

त्यानं लिव्हर पुढे लोटली, पार शेवटपर्यंत. इंजिन खोकलं आणि मग असं गरजलं की बाकं थरथरली. कर्ण्यातून 'नावाडी' एवढाच शब्द बाहेर पडला, बाकीचे इंजिनखाली गेले. बोट डोहावरून, न साचलेल्या गाळावरून, सरळ धावत सुटली. तळाला काही घासलं नाही, काही लागलं नाही.

अण्णांनी मान बाहेर काढून मागचं काळंभोर खोल पाणी नीट पाहून घेतलं. मग स्टुलावर टेकले आणि स्वेटरची बाही ओढत म्हणाले,

"गाळ वाहून गेला वाटतं."

कप्तानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही, कारण पुसायला हात उचलावा लागला असता.

धक्क्याला लागल्यावर लोक उतरायला लागले. कॉलेजातल्या पोरांपैकी एकजण केबिनपाशी थांबला, अण्णांना हात देत हसून म्हणाला, "आजोबा, सांभाळून जा हं!" त्याचे मित्र फिदीफिदी हसले.

"हो, हो," अण्णा म्हणाले. "तुम्हीसुद्धा."

मागून रेडिओ मफलर सावरत आला. "काय रे ए कप्तान! तूच मंद करतोस, मी तोंड उघडतो आणि तूच माझ्या तोंडावर रेस देतोस? पोरांसमोर पार फजिती केलीस. म्हातारबुवांसमोर तरी..."

"ते हेच," कप्तान म्हणाला.

"काय हेच?"

"पायरीवरचे. माझे वडील. पळाले नव्हते ते. दोर बांधायला उडी मारली होती, दुसरं टोक बांधायचं राहिलं होतं."

इतकी वर्षं जे चार शब्द निघाले नाहीत, ते आता तिकीटवाल्यासमोर, मिस्त्रीसमोर निघाले. रेडिओच्या हातात माइक तसाच होता. तोंड उघडं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून काही येत नव्हतं.

"अरे, मग तू..." तो कसाबसा म्हणाला. "इतकी वर्षं तू तिथे मंद करत होतास?"

कप्तानानं होकारार्थी मान हलवली.

अण्णा या दोघांकडे पाठ करून धक्क्यावर उभे होते. बोटीचा दोर लोखंडी खुंट्याला गुंडाळलेला होता. तो त्यांनी वाकून ओढून बघितला. मग सावकाश चालत बोटीपर्यंत आले आणि कडीतलं दुसरं टोक ओढून बघितलं. "पक्का आहे," ते स्वतःशीच म्हणाले. आणि मुलाला म्हणाले, "चल रे, सून वाट बघत असेल. तिला लाल पानाचं सांगायचंय."

दुसऱ्या दिवशी रेडिओ केबिनच्या दारात बराच वेळ घुटमळला. खाली बघून म्हणाला, "मी ती गोष्ट फिरवतो. शूराची पायरी म्हणतो. असा रंगवतो की लोक रडतील."

"नको," कप्तान म्हणाला. "तिथे काहीच नको."

आता बोट त्या वळणावर येते तेव्हा रेडिओ गप्प असतो आणि इंजिन जोरात. लोकांना तिथे फक्त कडा दिसतो, पिवळी पानं दिसतात. कुणी खडकाकडे बोट दाखवलं तर तेवढ्यात तो मागे गेलेला असतो.

कप्तानचा हात मात्र तिथे आला की अजून आपण होऊन लिव्हरवर जातो. सवयच ती. रोज त्याला तो दुसऱ्या हातानं धरावा लागतो.